घर कोठे बांधावे?

(खांडबारा, जि. नंदुरबार येथे जमलेल्या बौद्ध कुटुंबांसमोर एका वकील बंधूने केलेले भाषण)



आज मी जो विषय तुमच्यापुढे मांडणार आहे तो वरवर पाहता अगदी घरगुती आहे. बायकामुलांना घेऊन राहावयाचे कोठे, एवढाच तो प्रश्न. पण तुम्ही क्षणभर विचार करा. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणाला हा प्रश्न कधी पडला होता काय? त्यांचे घर कोठे असावे हे गावाने ठरवून ठेवलेले होते. वेशीबाहेर आणि गावाच्या ओढ्याच्या खालच्या अंगाला, हा त्यांचा पत्ता जन्माआधीच लिहिला गेला होता. ज्याला निवड नाही त्याला प्रश्नही नाही. आज तुम्हाला हा प्रश्न पडतो, हीच मुळी एका मोठ्या लढ्याची कमाई आहे. म्हणून त्याचे उत्तर निष्काळजीपणे देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

भगवान बुद्धांनी मंगल कशाला म्हणावे हे सांगताना मुहूर्त, शकुन, ग्रहतारे यांचे नावही घेतले नाही. मंगलसुत्तात त्यांनी योग्य प्रदेशी वास करणे हे मंगल गणले आहे. वास्तुशास्त्रवाल्याला दक्षिणा देऊन दाराची दिशा विचारणाऱ्या आपल्या काही बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. दार पूर्वेला आहे की दक्षिणेला, हा प्रश्न नाही. त्या दारातून बाहेर पडणारे मूल कोणत्या शाळेत जाते, कोणाबरोबर खेळते आणि मान वर करून परत येते की नाही, हा प्रश्न आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचा. १९१७ साली ते कोलंबिया विद्यापीठ व लंडन येथील अध्ययनानंतर बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. एवढ्या विद्येच्या माणसाला बडोदे शहरात राहावयास खोली मिळाली नाही. पारशी असल्याचे भासवून एका पारशी धर्मशाळेत ते काही दिवस राहिले. ते उघडकीस येताच हातात काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पदवीने नोकरी मिळते, पण पदवीने शेजार मिळत नाही, हा धडा त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला. पुढे अनेक वर्षे परळच्या चाळीतील दोन खोल्यांत त्यांनी संसार व सार्वजनिक कार्य चालविले. आणि १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. त्याला नाव दिले 'राजगृह'. ते त्यांनी स्वतःसाठी व आपल्या ग्रंथांसाठी बांधले. पण ते कोठे बांधले, हेही आपण शिकले पाहिजे. ज्या समाजाने काठी उगारली त्याच्याच मध्यभागी, उघडपणे, स्वतःच्या नावाने त्यांनी दार उभे केले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ङ) ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम झाला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. त्याच्या कलम ४ मध्ये दुकाने व पाणवठे यांच्या बरोबरीने एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळविणे किंवा त्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ प्रमाणे, फिर्यादी अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले आहे. म्हणून धम्म स्वीकारल्याने हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

हे सारे मला तोंडपाठ होते. तरीही काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराच्या उपनगरात मी भाड्याचे घर पाहावयास गेलो, तेव्हा माझी नऊ वर्षांची मुलगी माझ्याबरोबर होती. घर तिला पसंत पडले. खिडकीतून शाळेचे मैदान दिसत होते. घरमालकाने पाणी दिले, नोकरीधंदा विचारला, वकील म्हणताच आदर दाखविला, आणि मग आडनाव विचारले. आडनाव सांगताच त्याला आठवण झाली की ही जागा आपल्या भाच्याला देण्याचे कबूल केलेले आहे. आम्ही तीन जिने उतरलो. खाली आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही दुसरं आडनाव सांगायचं होतं." बंधुभगिनींनो, कलम ४ त्या वेळी माझ्या खिशात होते. पण जातीचा शब्दही न उच्चारता ज्याने नकार दिला, त्याच्याविरुद्ध साक्षीदार कोठून आणणार? मी फिर्याद केली नाही. ती चूक होती की शहाणपण, हे मला आजही ठरविता आलेले नाही. एवढे मात्र मी तिला जिन्याच्या पायथ्याशीच सांगितले, की आडनाव बदलावयाचे नाही, घर बदलू.

सहकारी गृहनिर्माण संस्थांची गोष्ट आणखी निराळी आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की आपल्या समाजापुरतेच सभासदत्व ठेवणारा संस्थेचा पोटनियम बेकायदेशीर नाही. संघ स्थापण्याच्या स्वातंत्र्याच्या आधारावर तो निर्णय झाला. त्याचा परिणाम काय होतो ते तुम्ही जाणता. वेशीची भिंत पडली, पण सोसायटीचे फाटक उभे राहिले.

अशा वेळी आपलेच काही लोक म्हणतात, "कशाला हवा हा अपमान? आपली स्वतंत्र कॉलनी करू, आपल्याच माणसांत राहू." हा विचार मी टाकाऊ मानीत नाही. जेथे रात्री दारावर दगड येतात तेथे आपल्या माणसांची सोबत हेच पहिले संरक्षण आहे. विहार, वाचनालय, जयंतीचा मंडप, संकटात धावून येणारा शेजारी, हे आपल्या वस्तीनेच आपल्याला दिले. पण भीतीने घातलेले कुंपण आणि विचाराने बांधलेली वस्ती यांत फरक आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. परंतु पाटी बदलली आणि गटार तेथेच राहिले, रस्ता तेथेच संपला, तर नाव बदलून काय होणार? मुलाचे भवितव्य पाटीवर वाढत नाही.

आता मी या आपल्या गावाकडे येतो. खांडबारा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे. येथून एका बाजूला नंदुरबार आणि दुसऱ्या बाजूला नवापूर व पुढे सुरत. आपली कितीतरी मुले या गाडीने गेली आणि सुरतेच्या उपनगरांत भाड्याने राहिली. मागे राहिलेले आपण संख्येने थोडे आहोत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरांत जवळजवळ एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. नवापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. भिल्ल, मावची, कोकणा बांधवांच्या या भूमीत घर करावयाचे असेल, तर एक गोष्ट आपल्याला आधी स्वतःशी कबूल करावी लागेल. येथे आपण बाहेरून आलेलो आहोत.

शहरातून परत आल्यावर मी येथेच घर बांधण्याचे ठरविले. रस्त्यालगतची एक जागा सांगून आली. स्वस्त होती. जमीन एका वृद्ध आदिवासी शेतकऱ्याची होती. त्याला दवाखान्यासाठी पैशाची निकड होती आणि मध्यस्थ म्हणत होता, "वकीलसाहेब, शंभराच्या मुद्रांकावर कब्जेपावती करू, नाव दुसऱ्या आदिवासीचे लावू, राहायचे तुम्ही. सगळे असेच करतात." मी तुमच्यापासून काही लपवीत नाही. त्या पावतीचा मसुदा मी लिहावयास घेतला होता. नकार देणाऱ्या घरमालकावर मी जो राग धरून होतो तो मला त्या क्षणी आठवला नाही, जागेचा भाव तेवढा आठवत होता. माझ्या पत्नीने तो कागद वाचला आणि एवढेच म्हणाली, "आपल्याला जिन्यावरून उतरवलं. त्यांना शेतातून उतरवायचं का?"

मी कागद फाडला. त्या वृद्धाच्या मुलाला बरोबर घेऊन रुग्णालयातील शासकीय योजनेचे अर्ज भरून दिले. त्यात मी उपकार केला नाही. जे वकिलाने आधीच करावयाचे ते उशिरा केले.

कायदाही माझ्या पत्नीच्याच बाजूने आहे. ज्या अनुच्छेद १९ ने आपल्याला कोठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला, त्याच्याच खंड (५) मध्ये म्हटले आहे की अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतील. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानात आपला हक्क आणि आदिवासीचे रक्षण एकाच अनुच्छेदात शेजारी शेजारी बसविले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ३६अ सांगते की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याने किंवा गहाणाने द्यावयाची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. विक्री, बक्षीस, अदलाबदल यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीला राज्य शासनाची पूर्वसंमतीही लागते. त्याविना केलेला व्यवहार अवैध ठरतो आणि बांधलेल्या घराखालची जमीन निघून जाते. दुसऱ्याचे नाव लावणे ही तर बेनामीच होय.

जुनी एक आठवण येथे सांगतो. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी या दोहोंच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. त्या कामासाठी १९२९ साली ते आपल्या खानदेशात आले. परतताना चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना आग्रहाने उतरवून घेतले. वस्ती स्थानकापासून चालत जाण्याजोगी होती. पण अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकावयास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर आपल्यातल्याच एका अननुभवी माणसाने टांगा हाकला, पुलावर तो उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्या फेरीत त्यांनी हे दुःख सोसले, ती फेरी आपल्याइतकीच आदिवासींच्याही चौकशीची होती. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनी या जिल्ह्यात आदिवासीच्या सातबाऱ्याकडे लोभाने पाहावे, हे शोभते काय?

मग घर कोठे बांधावे? माझ्या व्यवसायाचा आणि संसाराचा अनुभव जमेस धरून मी चार गोष्टी सांगतो.

पहिली, कागद. सातबारा, फेरफार आणि बिनशेतीचा आदेश स्वतः वाचा. खातेदार आदिवासी आहे काय, जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे काय, हे तलाठ्याकडे विचारा. नोंदणीकृत खरेदीखताविना पैसे देऊ नका. केवळ मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

दुसरी, शाळा. घरापासून शाळा किती दूर आहे ते मुलाच्या पायांनी मोजा आणि पावसाळ्यात मोजा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने परिसरातील शाळा हा मुलाचा हक्क केला आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेच्या प्रवेशवर्गातही दुर्बल व वंचित घटकांसाठी निदान पंचवीस टक्के जागा आहेत. मुलींच्या माध्यमिक शाळेची चौकशी आधी करा, कारण पहिल्यांदा शिक्षण सुटते ते त्यांचे.

तिसरी, शेजार. आपले नाव, आडनाव आणि भिंतीवरची तसबीर लपवून जेथे राहावे लागेल, ते घर फुकट मिळाले तरी घेऊ नका. खोटे बोलावयास शिकलेले मूल पुढे खरे बोलावयास भिते.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या दाराची. उद्या मातंग, मुसलमान किंवा भिल्ल कुटुंब आपल्या शेजारी जागा पाहावयास आले, तर आपल्याही घराला एखादा भाचा आठवणार नाही ना? हे आधी मनाशी ठरवा.

गावठाणातील एका बिगर-आदिवासी खातेदाराची बिनशेती झालेली जागा मी रीतसर घेतली. तिला भाव जास्त पडला आणि कर्ज अजून फिटावयाचे आहे. खिडकीतून मैदान दिसत नाही, रेल्वेचे रूळ दिसतात. माझी मुलगी शेजारच्या मुलींकडून मावची शिकली आणि ती त्यांना इंग्रजीचे धडे समजावून देते. दारावरची पाटी तिनेच रंगविली. तीवर आमचे आडनाव ठळक अक्षरांत आहे.

तुम्ही सुरतेत जा, नंदुरबारला जा किंवा येथेच राहा. पण जेथे जाल तेथे ताठ मानेने जा, आणि ज्या जमिनीवर पाय ठेवाल ती दुसऱ्याच्या पायाखालून ओढून घेतलेली नसावी, एवढे पाहा.

जय भीम!