भाजीच्या मुळांवरच्या गाठी



टोमॅटो, वांगी, भेंडी, दोडका. आठवडी बाजारातला हा पैसा थेट आपल्या हातात येतो. म्हणून आज त्यांच्या मुळांविषयी बोलूया.

पाणी देऊनही रोपं दुपारी माना टाकतात, पानं पिवळी पडतात. आपण म्हणतो खत कमी पडलं, आणि युरिया टाकतो. पैसा जातो, रोप तसंच राहतं. अशा वेळी एक रोप खुरप्यानं मातीसकट उकरा, मुळं हलक्या हातानं धुवा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी समजा. हा डोळ्यांना न दिसणारा जंत. एकेक मादी शेकडो अंडी घालते. भुईमूग-चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या गुणाच्या. त्या नखानं सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेलं मूळच, ती सुटत नाही.

हा जंत स्वतः फार लांब जात नाही. रोपं, कुदळीची माती आणि वाहतं पाणी त्याला नेतात. गटाच्या एका रोपवाटिकेतून तो दहा जणींच्या रानात पोचू शकतो. म्हणून सुरुवात वाफ्यापासून करा. एप्रिल-मे महिन्यात वाफा भिजवा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा, कडा मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. आतल्या उष्णतेनं बरेच जंत मरतात.

रानात उन्हाळी नांगरट करून माती तापू द्या. लागवडीआधी निंबोळी पेंड मिसळा, एकरी आठ क्विंटल, म्हणजे गुंठ्याला २० किलो. वांग्यामागे टोमॅटो, टोमॅटोमागे भेंडी असं करू नका. मध्ये ज्वारी-बाजरी किंवा झेंडू घ्या. झेंडूची मुळं या जंताला मारक असतात. पण बांधावर चार झाडं लावून भागत नाही, त्या तुकड्यात झेंडूचं पूर्ण पीक घ्या. दसरा-दिवाळीला फुलं विकली जातील, मग तिथं भाजी करा.

पीक संपलं की गाठीची मुळं रानात ठेवू नका. उपटून, वाळवून जाळा. हत्यारं धुऊनच दुसऱ्या रानात न्या.

एका हंगामात सगळे जंत जात नाहीत, पण दरवर्षी केलं तर कमी होतात. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या रानातलं एक रोप मुळांसकट, पिशवीत घट्ट बांधून आणा. सगळ्या मिळून पाहू, आणि कुणाच्या रानातून रोपं घ्यायची ते तिथंच ठरवू.