शोधनिबंधाचा कस केसपेपरवर



शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असलेलं अकोला इतकं जवळ असूनही ही परिषद तुम्ही पातूरला भरवलीत, याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. तातडीची सेवा खऱ्या अर्थानं सुरू होते ती अशाच गावात. घाटातला अपघात असो, फवारणीची विषबाधा असो की 'साहेब, पोराले इचू चावला' म्हणत अर्ध्या रात्री दारात उभा राहिलेला बाप असो, पहिला हात तालुक्याच्या डॉक्टरचाच लागतो.

आजचा विषय आहे संशोधनाचा प्रभाव. तो मोजायची मापं आपल्याला ठाऊक आहेत. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर आहे, 2005 साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं मांडलेला एच-इंडेक्स आहे. बढतीच्या अर्जात हे आकडे लागतात, त्यांना माझा विरोध नाही. पण निबंध किती वेळा उद्धृत होतात, एवढंच ते सांगतात. निबंध वाचून एखाद्या डॉक्टरनं कोणतं इंजेक्शन बंद केलं आणि कोणती गोळी आधी दिली, हे त्यांत कुठंच येत नाही.

म्हणून मी आज डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम तुमच्यासमोर ठेवतो. मूळचे जालना जिल्ह्यातले, शिकले आपल्या नागपूरच्या मेडिकलला आणि 1976 च्या सुमारास रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं तिथं धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि दिसेल ते लिहीत गेले. उलटी कधी झाली, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती. विष हृदयावर उतरणार याची सूचना उलटी, दरदरून घाम, गार हातपाय आणि पुरुषांमध्ये शिश्नाचा ताठरपणा आधीच देतात, हे त्यांनी 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्यानंतर फुप्फुसांत पाणी भरतं, तोंडाला फेस येतो आणि मग हातात फारसं काही उरत नाही.

उत्तर सापडलं ते रक्तदाबाच्या एका स्वस्त गोळीत. विंचवाच्या विषानं शरीरात ॲड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. प्राझोसिन नेमकं तेच आवळणं सोडवतं. ही गोळी दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत द्यायची. त्याला आयसीयू लागत नाही. गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांमागे पूर्वी पंचवीस-तीस जात, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं.

पण मला त्यांचा पुढचा निबंध जास्त मोठा वाटतो. ज्या औषधानं नाव मिळालं, तेच डॉ. प्रमोदिनी आणि हिंमतराव बावस्कर या दांपत्यानं पुन्हा कसोटीला लावलं. 35 रुग्णांना नुसतं प्राझोसिन, 35 जणांना प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविषलस. दहा तासांत बरे झाले ते पहिल्या गटात 8, दुसऱ्या गटात 32. 2011 साली 'बीएमजे'नं हे छापलं. आपलंच औषध अपुरं पडतं, हे आपणच आकड्यांनिशी सांगायला छाती लागते. हिंमतरावांना 2022 ची पद्मश्री त्यानंतर मिळाली.

आता वऱ्हाडाकडे वळू. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, चौकशी समिती बसली. पण त्या रुग्णांवर पहिले उपचार करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी लक्षणं, औषधाच्या मात्रा आणि वेळा टिपून छापल्या? सर्पदंशाचंही तेच. 2000 ते 2019 या काळात देशात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली, हा अंदाज आला तो घरोघरी जाऊन विचारलं म्हणून. कारण बहुतेक मृत्यू दवाखान्याबाहेर झाले होते. जे दवाखान्यात पोचतात त्यांच्या केसपेपरवर तरी दंशाची वेळ असते का? बहुतेक ठिकाणी 'सर्पदंश, रेफर टू अकोला' एवढीच ओळ असते.

रेफर करणं गुन्हा नाही. पहिली मात्रा न देता आणि काही न लिहिता रेफर करणं मात्र रुग्णावरही अन्याय आणि शास्त्रावरही. आपल्याकडे वेळ नाही, अनुदान नाही, इंग्रजी लिहायचा सराव नाही, हे सगळं खरं आहे. बिरवाडीतही यातलं फारसं काही नव्हतं.

माझी विनंती साधी आहे. येत्या पावसाळ्यापासून पातूर तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यानं विषबाधा आणि दंशाच्या केसपेपरवर चार गोष्टी लिहाव्यात : घटना कधी घडली, रुग्ण आपल्याकडे कधी पोचला, पहिली मात्रा कधी दिली आणि पुढे त्याचं काय झालं. चौथ्या गोष्टीसाठी आशाताईंची मदत घ्या. गेलेल्या रुग्णांची नोंद वाचलेल्यांइतकीच काळजीनं ठेवा. पुढच्या परिषदेत अध्यक्षाच्या भाषणाची वेळ निम्मी करा आणि ती या नोंदींच्या वाचनाला द्या.