दोष बॅटरीचा कीं चार्जिंगचा?

मोटारसायकल सकाळीं सुरू झाली नाहीं कीं गृहस्थ तडक नवी बॅटरी आणतो. पंधरवड्यांत तीहि उतरते. दुकानदाराला त्यांत काय वाईट! वास्तविक बॅटरी ही नुसती सांठवण. ती भरणारें यंत्र इंजिनाला जोडलेलें असतें. म्हणून आधीं टर्मिनलांवरील पांढरट गंज काढून जोड घट्ट करावेत, मग व्होल्टमीटर लावावा. १२ व्होल्टची, शिशाच्या पट्ट्यांची, पूर्ण भरलेली बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेविल्यावर सुमारें १२.६ दाखविते. इंजिन मध्यम वेगानें चालतांना हा आंकडा साधारणतः १३.५ ते १४.५ पर्यंत चढावा. तो मुळींच चढला नाहीं, तर कॉइल, रेग्युलेटर अथवा तारा तपासाव्यात. १५ च्या वर गेला, तर बहुधा रेग्युलेटर बिघडलेला असतो आणि बॅटरींतील पाणी आटत जातें. तपासतांना विडी मात्र दूर असावी. चार्जिंग होतांना निघणारा हायड्रोजन वायु ठिणगीनें पेटतो.