कोर्टाची पायरी आणि कष्टाचा पैसा



राजारामपुरीच्या या व्यासपीठावर विद्वान वक्ते बोलतात. मी शाळा अर्ध्यावर सोडलेला, कामगार संघटनेचा कार्यकर्ता. कायदा शिकलो तो कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. तेव्हा मोठ्या खटल्यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. कोणाकडे तरी अडकलेले दहा, वीस, चाळीस हजार रुपये, किंवा दुसऱ्याने अडकवून ठेवलेली हत्यारांची पेटी, एवढाच आजचा माझा विषय.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात अनुभव आहे, हे मी मान्य करतो. तारखा पडतात, रोजगार बुडतो, वकिलाची फी द्यावी लागते. पण ही म्हण सर्वांत जास्त उपयोगी कोणाला पडते, याचा विचार करा. ती पडते पैसे बुडवणाऱ्याला. "जा कोर्टात!" असे तो बेधडक म्हणतो, कारण आपण जाणार नाही याची त्याला खात्री असते. श्रीमंताचे वीस हजार बुडाले तर एक आकडा कमी होतो. ओतारी कामगाराचे बुडाले तर घरातल्या चुलीपर्यंत ती झळ पोहोचते.

लहान रकमेसाठी लहान न्यायालय असावे, हा विचार जुना आहे. मुंबईसाठी १८८२ साली आणि बाकीच्या प्रांतांसाठी १८८७ साली लघुवाद न्यायालयांचे कायदे झाले. मूळ १८८७ च्या कायद्यात मर्यादा पाचशे रुपयांची होती. काम थोडक्यात चालावे आणि अपिलांची शिडी लांबू नये, हा हेतू. मुंबईचे लघुवाद न्यायालय आज मुख्यत्वे भाड्याच्या तंट्यांनी भरलेले असते. जेथे असे वेगळे न्यायालय नाही, तेथे आपला दावा दिवाणी न्यायाधीशापुढे जातो. आपल्याला त्यासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. त्यासाठी वकिलांनी आणि नागरिकांनी कित्येक वर्षे झगडा दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण गरिबाचा तंटा पहिल्या पायरीवरच अडतो. ती पायरी चढायची कशी, हे आज सांगतो.

पहिली गोष्ट, मजुरी आणि इतर येणे यांतला फरक ओळखा. नोकरीतला पगार थकला असेल तर दिवाणी दावा लावू नका. तो चालत नाही. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदत तीन वर्षांची. कामगार स्वतः अर्ज करू शकतो, आणि त्याची नोंदलेली संघटनाही त्याच्या वतीने करू शकते. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. अधिकारी बाकीच्या दसपटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि मालकाने ती चुकवली तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. कामावरून काढले किंवा आपण राजीनामा दिला, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळाला पाहिजे. हातउसने, विकलेल्या मालाची किंमत, सुताराने ठेक्यावर करून दिलेल्या कामाचे पैसे, अडकवलेली वस्तू, यांसाठी मात्र दिवाणी न्यायालय.

दुसरी गोष्ट, तीन वर्षे. १९६३ च्या मुदत कायद्याने अशा दाव्यांना साधारण तीन वर्षांची मुदत आहे. येथे आपली माणसे फसतात. "मी पैसे मागितले तेव्हापासून तीन वर्षे" असे ती धरून चालतात. उसने पैसे 'मागताच देईन' या बोलीवर दिले, तरी मुदत पैसे दिल्या दिवसापासून धावते. नोटीस पाठवल्याने ती थांबत नाही. पोलिसांत अर्ज दिल्यानेही थांबत नाही. देणेकऱ्याने मुदत संपण्यापूर्वी 'इतके देणे आहे' असे सहीनिशी लिहून दिले, तर मात्र त्या दिवसापासून नवी मुदत मिळते. म्हणून "दिवाळीनंतर बघू" असे म्हणणाऱ्याला म्हणावे, "बघू या की राव, पण एवढे दोन ओळी लिहून द्या."

तिसरी गोष्ट कागद. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. त्यांनी सावकारांची खतपत्रे मागून घेतली आणि जाळली. का? सारा कागद एकाच्या हातात, आणि दुसऱ्याला त्यातले अक्षर वाचता येत नव्हते. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला, तंटा मिटवणारे सलोखेदार आणि गावमुन्सफ नेमण्याची सोय केली. दीडशे वर्षांनी आपण अक्षरओळख झालेली माणसे आहोत, आणि तरीही व्यवहार तोंडीच करतो! हजेरीकार्ड, बँकेचा उतारा, फोनवरचा 'पुढच्या महिन्यात देतो' हा निरोप, सारे जपून ठेवा. तो फोन मोडीत घालू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाखाली असा पुरावा देताना त्यासोबत ठरलेले प्रमाणपत्र जोडावे लागते.

चौथी गोष्ट वकिलाच्या फीची. स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण एक ध्यानात ठेवा: तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. तेव्हा हप्ता किती, तारीख कोणती आणि हप्ता चुकला तर काय, हे लिहिल्याशिवाय सही करू नका.

आता हत्यारांच्या पेटीबद्दल. समजा, उद्यमनगरातल्या एका टर्नरने काम सोडले आणि "उचल फेड, मग पेटी ने" म्हणून मालकाने त्याची मोजमापाची हत्यारे ठेवून घेतली. आता कायदा काय म्हणतो पाहा. न्यायालयाचा हुकूमनामा हातात असलेल्या सावकारालासुद्धा कारागिराची हत्यारे, घरातली भांडी आणि अंथरूण जप्त करता येत नाही. मग ज्याच्या हातात हुकूमनामाच नाही, त्याने पेटी अडकवायची ती कोणत्या अधिकाराने? अशा दाव्यात वस्तू परत द्यावी, आणि ती देता येत नसेल तर तिची किंमत द्यावी, असा हुकूम होतो. म्हणून दाव्यात प्रत्येक हत्याराचे नाव आणि किंमत लिहा. 'एक पेटी, जुनी' असे लिहाल तर जुन्या पेटीचीच किंमत मिळेल.

शेवटी, हुकूमनामा म्हणजे पैसा नव्हे. पुष्कळजण निकालाची नक्कल ट्रंकेत घालून ठेवतात. वसुलीसाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. तिला बारा वर्षांची मुदत आहे, पण बारा वर्षांत समोरचा दुकानही विकून मोकळा होतो. त्याचे खाते कोणत्या बँकेत, गाडी कोणाच्या नावावर, याची माहिती दावा लावतानाच गोळा करा.

हे सारे एकट्याने करणे जड जाते, हे मी जाणतो. तारखेला एकटा माणूस गेला की तो दमतो, आणि त्याच्या दमण्यावरच समोरच्याचा हिशेब बसलेला असतो. म्हणून माझी तालमींना, मंडळांना, महिला बचत गटांना आणि संघटनांना विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज लिहून देण्यासाठी ठेवा. पाटीवर येणेकऱ्यांच्या मुदतीच्या तारखा मांडा. तारखेला जाणाऱ्याबरोबर एक माणूस द्या. कोर्टाची पायरी उंच आहे खरी. पण सोबत असली की चढवते.