काटा किती हलतो?

(अचलपूर येथे हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जत्रा ते थीम पार्क’ असा विषय छापला आहे. त्यातल्या जत्रेबद्दल मी फारसं बोलणार नाही. बहिरमची जत्रा, डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास पडणारे तंबू, गोवऱ्यांवरचे रोडगे, हंडीतलं मटण, हे तुम्हाला सांगणं म्हणजे आजोळी जाऊन आजीची ओळख करून देणं आहे. थीम पार्कचंही तेच. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं, २०१३ साली खोपोलीला इमॅजिका. तुमच्यातली निम्मी मंडळी सहलीला जाऊन आली आहेत.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी चाळीस वर्षं वर्गातही सांगत आलो. पाळणा असो की रोलर कोस्टर, त्याची मजा उंचीवर ठरत नाही. तुमचं वजन किती बदलतं आणि किती झटकन बदलतं, यावर ती ठरते. ‘सर्वांत उंच’ अशी पाटी लावून कुणी तिकीट विकत असेल, तर तो तुम्हाला आकडा विकतो आहे.

हा टेबलावर ठेवलाय तो ताणकाटा. आठवी-नववीत सगळ्यांनी हाताळलेला. गेल्या वर्षी बहिरमला हा घेऊन मी आकाशपाळण्यात बसलो. काटा सुतळीनं मनगटाला बांधला आणि त्याला पिशवीत एक किलो मिठाची पुडी लटकवली. पाळणा पन्नासेक फुटांचा, दहा सेकंदांत एक फेरी. वरून खाली वळताना काटा सातशे ग्रॅमवर आला. तळाशी आलो तर तेराशे! पुडी तीच, मीठ तेवढंच. पाळणेवाला खालून ओरडला, ‘काका, मीठ विकाले आणलं का जी?’ (हशा)

आता लंडनचा मोठा पाळणा घ्या. लंडन आय, उंची १३५ मीटर. म्हणजे आपल्या पाळण्याच्या आठ-नऊ पट. पण त्याची एक फेरी अर्ध्या तासाची. गणित करून पाहा, तिथं या मिठाच्या पुडीचं वजन एक दशांश ग्रॅमनंसुद्धा बदलत नाही. शहर पाहायला तो पाळणा उत्तम आहे, लोकांनी जरूर बसावं. पण पोटात जो खड्डा पडतो, तो बहिरमच्याच पाळण्यात.

रोलर कोस्टरचं गणित थोडं वेगळं आहे, पण निघतं तेच. उंची चौपट केली की खाली आल्यावर वेग दुप्पट होतो. वेग दुप्पट झाला की वळण चौपट ऐसपैस ठेवावं लागतं, नाहीतर माणसाच्या मानेला तो जोर सोसत नाही. माणसाचं शरीर काही चौपट झालेलं नसतं. म्हणून उंच कोस्टर बांधणारा वळणं मोठी करत जातो आणि काटा जिथं होता तिथंच राहतो. वाढतो तो क्षण टिकण्याचा वेळ, आणि लोखंडाचा खर्च.

इथं मला एसटीबद्दल बोललंच पाहिजे. मुलं असताना आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या गाडीत बसलो की धावत मागची बाकं गाठायचो. कंडक्टर ओरडायचा, ‘मांगं नोका बसू रे पोट्टेहो, टपाले डोकं लागन!’ आम्हाला तेच हवं असायचं. वाटेत एक रपटा होता. गाडी रपट्यात उतरायची, पलीकडे चढायची आणि चढ संपता संपता मागची बाकं अशी उसळायची, की सहा पोरं एकदम अधांतरी. हातातल्या शेंगा हवेत! त्या वेळी एकाच पोराच्या तोंडून ‘आई’ निघायचं आणि बाकीचे पाच हसायचे. चालकाशेजारी बसलेल्या माणसाला यातलं काही कळायचंही नाही. मागचं बाक चाकाच्याही मागे असतं, म्हणून चाक एक वीत उडालं तर बाक दीड वीत उडतं. तो रपटा फार तर चार हात खोल असेल. पुढच्या घाटात दऱ्या होत्या, हजार हजार फुटांच्या. दऱ्या आम्ही गप्प बसून पाहायचो. ओरडायचो ते रपट्यावर. आज साठी उलटल्यावरही मला तो रपटाच आठवतो.

रोलर कोस्टरचे शौकीनसुद्धा शेवटचा डबा धरतात. तिथं कारण निराळं. पुढचे डबे उताराला लागलेले असतात, ते मागच्या डब्याला माथ्यावरून हिसकून ओढतात. त्या अधांतरी क्षणाला ते ‘एअरटाइम’ म्हणतात.

मागून एक तरुण म्हणतोय, ‘सर उंचीले भेतात, म्हणून असं सांगतात.’ (हशा) नाही बाबा. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेला माणूस आहे मी. भीमकुंडाच्या कड्यावर उभं राहिलं की गुडघे लटपटतात, हे मला पूर्ण मान्य. पण ती डोळ्यांची भीती आहे. दहा मिनिटं तिथंच उभे राहा, ती ओसरते. काट्याची मजा शंभराव्या फेरीलाही तेवढीच राहते, आणि शौकीन म्हणजे शंभराव्यांदा बसणारा. खोपोलीचं नायट्रो तुम्ही सगळे वाखाणता. त्याची उंची चाळीस मीटर. जगाच्या हिशेबात ती मधलीच. ते आवडतं कारण ते पाच वेळा उलटं करतं आणि पायाखाली फळी नसते.

अमेरिकेत न्यू जर्सीला ‘किंगडा का’ नावाचं कोस्टर २००५ साली उभं राहिलं. १३९ मीटर उंच, ताशी २०६ किलोमीटर. सरळ वर, सरळ खाली, एक टेकाड, संपलं. मिनिटभराचाही खेळ नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात ते बंद केलं आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून पाडलं. उलट पेनसिल्व्हेनियात कनोबल्स नावाच्या बागेत ‘फिनिक्स’ आहे. लाकडी, १९४७ साली टेक्सासात बांधलेलं, तिथलं मैदान बंद पडल्यावर उचलून १९८५ मध्ये इथं पुन्हा जोडलेलं. उंची अवघी २४ मीटर. जाणकारांच्या कौलातून दिल्या जाणाऱ्या गोल्डन तिकीट पुरस्कारांत २०१८ आणि २०१९ असं लागोपाठ ते लाकडी कोस्टरांत पहिलं आलं. त्या बागेत शिरायला तिकीट नाही, ज्या पाळण्यात बसाल त्याचे पैसे द्या. बहिरमसारखंच!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. तर घाईनं एक कबुली. पोलादी कोस्टरांत त्याच कौलात ९९ मीटरचं ‘फ्युरी ३२५’ अनेकदा पहिलं आलं आहे. त्यामुळे उंच ते वाईट, असं मी म्हणत नाही. पण त्याच्या पहिल्या उतारानंतर जमिनीलगत धावणारी वळणं आणि टेकाडं काढून टाका आणि मग कौल घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. सौदीत किद्दियाला १९५ मीटरचं बांधलंय. त्याचे आकडे वर्तमानपत्रांनी भरभरून छापले. टेकाडांवर माणूस किती वेळा अधांतरी होतो, ते मला एकाही बातमीत सापडलं नाही.

पाळण्यांच्या सुरक्षिततेवर बोलायचं राहिलं. दोनच वाक्यं सांगतो. बसण्याआधी दाराची कडी लागली का, ते स्वतः हातानं ओढून पाहा. दांडी पोराच्या मांडीवर नीट बसत नसेल, तर पोराला उतरवा, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

हा काटा मी इथंच टेबलावर ठेवून जातो. बहिरमला जाणाऱ्यानं न्यावा, सुतळी मनगटाला बांधावी, मिठाची पुडी घरून आणावी. वर किती आणि तळाशी किती, एवढं कागदावर लिहून काट्यासोबत मला परत आणून द्यावं.