पाठीतलं पाणी

आज आपण मेंदूच्या तापाविषयी बोलू.

मेंदूभोवती पातळ आवरण असते. त्यात जंतू शिरले की ते सुजते. मोठे मूल सांगते, डोकं दुखतं. त्याची मान ताठते. हनुवटी छातीला टेकत नाही. तान्ह्याचं तसं नाही. मान मऊच राहील. पण ते पीत नाही, गुंगीत पडतं, उचलून घेतलं तर जास्तच रडतं. कधी झटके येतात. अंग तापतं, कधी गारही पडतं. ते शांत असताना उभं धरा नि टाळूवर हात ठेवा. टाळू फुगलेली लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. अंगारे लावत बसू नका.

तिथे डॉक्टर म्हणतात, "पाठीतलं पाणी काढून तपासू." इथंच घोडं अडतं. आजी म्हणते, "पोर लुळं होईल!" ही भीती आम्ही जाणतो. पण सुई पार खाली, कमरेशी घालतात. पाठीच्या कण्यातली मुख्य नस त्याच्या वरच संपलेली असते. लुळेपण आलंच तर ते आजारानं येतं. पाणी काढतात तेही थोडे थेंबच. १८९१ साली जर्मनीत क्विंके डॉक्टरांनी ही रीत सुरू केली.

निरोगी पाणी नितळ असतं. पू झाला की गढूळ होतं. क्षयाच्या जंतूंनी मात्र ते नितळही दिसतं, म्हणून यंत्राखाली बघावं लागतं. जंतू कोणते, त्यावर पुढचं औषध ठरतं. पहिलं औषध मात्र निकालाची वाट न बघता सुरू करतात.

मूल बरं होऊन घरी आलं, की त्याचे कान तपासून घ्या. या तापानं कधी ऐकू येणं जातं, आणि तान्हं मूल ते सांगत नाही.