पिंटोंचे बंड



गुप्त कटाची गोष्ट या गोदाकाठाला नवी नाही. १९०९ साली विजयानंद नाटकगृहात जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या आपले गाव विसरलेले नाही. आज मी आपणांस त्याहून सुमारे सव्वाशे वर्षे मागे, १७८७ सालच्या गोव्यात नेणार आहे.

गोव्याचा कारभार तेव्हा मूठभर गोऱ्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या हाती होता. पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजा आणि पोर्तुगीज यांच्यात भेद करू नये, असे फर्मान लिस्बनहून १७६१ साली निघाले. १७७४ साली ते पुन्हा बजवावे लागले. एकच हुकूम दोनदा का काढावा लागतो, हे आपण जाणताच. कागदावर समता, खुर्चीवर मात्र वर्ण! गोमंतकीय लष्करी अधिकाऱ्याने इमानाने चाकरी करावी आणि बढती गोऱ्याने घ्यावी. धर्मगुरूंचीही तीच गत. कुतो आणि गोन्साल्विस हे दोन पाद्री थेट लिस्बनला जाऊन दाद मागून आले. पदरी काहीच पडले नाही.

अर्जाची वाट बंद झाली की माणूस दुसरी वाट धरतो. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या वाड्यात बैठका होऊ लागल्या. पाद्री आणि लष्करी अधिकारी एक झाले. पोर्तुगीज सत्ता उलथून टाकावयाचे ठरले. पण हत्यार उचलण्यापूर्वीच बेत फुटला. ४७ जण पकडले गेले; त्यांत १७ धर्मगुरू व ७ लष्करी अधिकारी होते. डिसेंबर १७८८ मध्ये पणजीस १५ जणांना देहान्त शासन झाले. पाद्र्यांना मात्र लिस्बनला नेऊन खटल्यावाचून वर्षानुवर्षे कोंडून ठेवले.

कोणी म्हणेल, हे तर बढतीचे भांडण! सुरुवात तेथून झाली खरी. पण नोकरीतला अपमान त्यांना राज्याच्या मुळापर्यंत घेऊन गेला, हे विसरू नये. त्यांचे उणेही झाकू नये. त्या फर्मानाची समता ख्रिस्त्यांपुरतीच होती. हिंदू रयत तिच्या बाहेर उभी होती, आणि वाड्यातली मसलत तिच्या उंबऱ्यापर्यंत गेली नाही. मूठभरांच्या सत्तेविरुद्ध हा मूठभरांचाच कट होता. म्हणूनच बातमी फुटली आणि सारे संपले. मागे उठायला कोणी नव्हते.

त्या फाशीनंतर १७३ वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्या दिवसाचे स्मरण करताना या पंधरा जणांनाही आठवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.